तीन बोटांचं जाळं

समुद्रात मासळी मावत नव्हती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं गाव होतं. तिथे नवं जाळं पाण्यात उतरवण्याआधी घरातली वडीलधारी बाई त्याच्या भोकांमधून तीन बोटं एकत्र घालून बघायची. बोटं गेली तर जाळं चांगलं, अडकली तर उसवायचं. बारकी मासळी निसटावी, वाढावी, अंडी घालावीत आणि मगच जाळ्यात यावी, एवढाच त्यातला हेतू.

धाकू नाखव्याच्या घरी हे काम त्याची म्हातारी आई करायची. एका वर्षी मासळी कमी आली. जाळं ओढताना धाकूच्या डोळ्यांदेखत चकचकीत पिलं भोकांतून सटकली. त्याचा जीव हळहळला. घरात खाणारी तोंडं काही कमी झाली नव्हती.

"आये, तुझी बोटं जाडी हायत," तो म्हणाला. "या वर्षी माप बायको घेईल. तिचीपन बोटं तीनच ना?"

"कुनाची बोटं ते म्हावऱ्याला काय म्हाईत, बाळा?" म्हातारी म्हणाली. "त्याला वाढायला वेळ पायजे."

धाकूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बायकोच्या बोटांच्या मापाने बारीक भोकांचं जाळं विणलं. नियम काही मोडला नव्हता, त्यामुळे झोपही छान लागली. त्या हंगामात होडी भरून आली. मग काय, गावातल्या घरोघरी नाजूक बोटांच्या सुनांना भलताच मान आला.

पुढे मासळी पुन्हा आटली, तेव्हा धाकूने लहानग्या हिरूला, आपल्या लेकीला, मांडीवर घेतलं आणि तिची इवली बोटं भोकात घातली. हिरू खुदकन हसली. म्हातारी हसली नाही. ताटात बोटाएवढी पिलं आली की ती बाजूला सारायची. शेवटी कोरडा भात खाता खाताच ती एक दिवस वारली.

वर्षं सरली. जाळ्यात चिखल आणि शेवाळ येऊ लागलं. शेजारची घरं एकेक करून बंद झाली. हिरू मोठी झाली, आणि सूत ओढून ओढून तिची बोटं आजीसारखी जाड झाली.

"हिरू, आजीच्या मापाचं जाळं वीण गो," एके सकाळी धाकू म्हणाला.

तिने विणलं. तीन बोटं घातली, ती आरपार गेली. धाकूचे डोळे भरून आले. बापलेक होडीत बसून निघाले, जाळं टाकलं, ओहोटी लागेपर्यंत थांबले आणि मग ओढलं.

जाळं हलकंच वर आलं. धाकू वाकून पाण्यात बघत राहिला. निदान पिलं तरी निसटताना दिसतील, असं त्याला वाटत होतं. पण निसटायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

"तुझी बोटं वाढली गो," तो लेकीला म्हणाला. "म्हावऱ्याला मी वाढूच दिलं नाय."

पावसाळ्याआधी त्याच्याही दाराला कडी लागली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो नियम आपल्या सोयीने वाकवतो, त्याला आपण तो पाळतोच आहोत असं वाटत राहतं, आणि सगळं संपल्यावरच त्याचे डोळे उघडतात.