न निवणारं घंगाळ

एका राज्यात थंडी अशी पडे, की ओठ फुटल्यावाचून कुणाला हसता येत नसे. तिथला राजा अरिंजय. शूर होता, पण दिसेल ते उचलून आणायची खोड फार! एकदा उत्तरेच्या बर्फाळ डोंगरावर शीतकेतू मांत्रिकाची गुहा त्याला रिकामी सापडली. तिथून त्याने तांब्याचं एक घंगाळ आणलं. खाली जाळ नाही, निखारा नाही, तरी आतलं पाणी सदा कढत. त्याने ते राणी कुवलयेला भेट दिलं. कुणाचं आहे, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात राणीला मुलगा झाला. नगारे वाजले, साखर वाटली. बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, उटण्याने रगडायचं, मग शेगडीशी शेकायचं, ही तिथली रीत, आणि राणीची दाई सोयरा रीतीची पक्की. पण राणीचं अंग कोरडं पडू लागलं. पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे, तळव्यांना भेगा, आणि खाज तर अशी, की बाई गं, जीव नको व्हावा! घंगाळातलं पाणी अंगावर पडत असे तोवर खाज थांबे, अंग पुसलं की दुप्पट उठे.

“अजून दोन तांबे घ्या, राणीसाहेब. अजून थोडं चोळते,” दाई म्हणे. बिचारीची माया खरी होती.

एके सकाळी राणीने बाळाच्या गालावरून हात फिरवला. भेगाळलेला तळवा लागला, गालावर लाल रेघ उठली, बाळ किंचाळलं. त्या दिवसापासून राणी बाळाला हात लावीना. दाई त्याला आणून दाखवी, आणि राणी पदराआड हात लपवून लांबून बघे. काय झालं असेल हो त्या आईचं! बघता बघता पोर दाईच्याच कडेवर रुळलं.

मग एक दिवस राजा राणीपाशी बसला असताना खिडकीत साळुंकी येऊन बसली. पिसांवर हिमकण होते.

“राणी, ते घंगाळ आमचं आहे,” ती म्हणाली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, म्हणून कुणी दचकलं नाही. “शीतकेतू त्यात बर्फ वितळवी, पाणी दगडी कुंडात सोडी, आणि डोंगरावरची पाखरं ते पीत. आता कुंड कोरडं आहे. म्हणून त्याने शाप दिला. कुंड कोरडं, तोवर घंगाळात न्हाणाऱ्याचं अंगही कोरडं.”

राजाची मान खाली गेली. “मी आत्ता पोचवतो.”

“तुझ्या हाताने चालायचं नाही. ज्याला घंगाळाचं सुख लागलं, त्यानेच ते सोडावं. राणीने तीन कामं करावीत. पहिलं, कोमट पाण्याने झटपट न्हावं. दुसरं, अंग चोळू नये, खाजवू नये. नुसतं टिपावं, आणि ओल आहे तोवरच तेल लावावं. आम्ही पाखरं तेच करतो. न्हाणं झालं, की शेपटीच्या मुळाशी असलेलं तेल चोचीने पिसांना लावतो. तिसरं, घंगाळ स्वतः डोंगरावर आणावं.”

“कोमट? बाळंतिणीला? या थंडीत?” दाईने कपाळावर हात मारला. “वारा बाधेल की!”

“मग दार लावून घे,” साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

पहिलं काम राणीने कुडकुडत केलं. दुसरं फार जड गेलं. दुपारी वारा सुटला आणि खाज उसळली. कोपऱ्यात घंगाळ वाफाळत होतं. एकदाच हात बुडवावेत, कोण बघतंय, असं म्हणत राणी उठली. बोटं वाफेपर्यंत गेली. तेवढ्यात शेजारच्या दालनात बाळ रडलं. राणी तिथेच थांबली, आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली.

रडणं ऐकून राजा आत आला. “महाराज, माझे हात धरा,” ती म्हणाली.

राजाने तिच्या हातांभोवती गार पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं गुंडाळलं. खाज शमली, तसं फडकं सोडून ओल्या हातांना तिळाचं तेल लावलं, बोट न् बोट. तलवार धरून घट्टे पडलेला गडी तो, पण इतक्या हळुवार हाताने लावलं, की बाळाला घेऊन आलेल्या दाईनेच तेलाची वाटी पुढे सरकवली.

“आणलं मी आणि भोगलंस तू,” राजा म्हणाला.

“हो,” राणी म्हणाली. “आता रोज तेल लावा.”

त्याने रोज लावलं. भेगा मिटल्या, पण तळवे खरखरीतच राहिले. शाप होता ना! मग राणीने घंगाळ डोक्यावर घेतलं आणि डोंगर चढली. राजा मागून चालला, त्याने हात लावला नाही. वर शीतकेतू वाट बघत उभा होता. राणीने घंगाळ जागेवर ठेवलं, ओंजळीने त्यात बर्फ टाकला. पाणी खळखळत कुंडात उतरलं, आणि कुठून कुठून पाखरं येऊन काठावर बसली.

“जा,” शीतकेतू म्हणाला. “शाप सुटला. थंडी मात्र दरसाल येईल.”

“येऊ दे,” राणी म्हणाली.

महालाच्या दारात दाई बाळाला घेऊन उभी होती. राणीने पदराआडून हात काढला. भीत भीत एक बोट बाळाच्या गालाला लावलं, मग अख्खा तळवा. बाळ रडलं नाही. त्याने गाल त्या तळव्यात टेकला आणि डोळे मिटले. राणीने त्याला उचलून छातीशी धरलं.

बराच वेळ गेला. दाई पुढे झाली. “द्या इकडे, राणीसाहेब. डोंगर उतरून आलात, दमला असाल.”

“दमले आहे,” राणी म्हणाली. पण बाळ काही तिने दिलं नाही.