सगुणाबाईंच्या मौतीला वाजलेली लग्नाची घंटा

पुढील ओळींत फिलेमोन महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग यथामती कथन करण्यात येत आहे. ज्यांच्या घरी मृत्यू येऊन गेला आहे, अशांनी तो विशेषेकरून श्रवण करावा.

महाराजांचा मुक्काम खैरवाडीच्या ख्रिस्तमंदिरात असताना तेथे घंटा वाजविण्याची सेवा तीतस शिनगारे नामक वृद्ध गृहस्थाकडे होती. मौत झाल्यास एक टोला देऊन वीस अंक मोजावेत, मगच दुसरा द्यावा. लग्न असल्यास दोर सपाट्याने ओढीत राहावे, अशी तेथील रीत. तीतसाची पत्नी सगुणाबाई हिने मरणसमयी त्याचा हात धरला व ती म्हणाली, "मी प्रभूच्या घरी नांदायला निघाले. माझ्यासाठी लग्नाची घंटा वाजवा." तीतसाने शब्द दिला आणि तिने हसतमुखाने प्राण सोडला.

शब्दाप्रमाणे तीतसाने दोर ओढताच मंडळीचे पंच गमलिएलराव धावत आले. या मानी गृहस्थाने मागील वर्षी आपला तरुण पुत्र सुमंत पुरला होता व तेव्हापासून कबरस्तानात पाऊल टाकले नव्हते.

"म्हाताऱ्या, बायको मेली, का दुसरी आणतोस?" पंचांनी विचारले. जमलेले लोक हसले. पंचांनी त्यास बाहेर काढून मनोऱ्यास कुलूप घातले.

तीतस डोळे पुशीत महाराजांकडे आला. दिलेला शब्द मोडला, आता तिला माती कोणत्या हाताने देऊ, असे विचारू लागला. महाराज म्हणाले, "उचला तिला. ज्या प्रभूने आपल्या कबरेवरची धोंड लोटली, त्याला कुलूप ते काय?"

काय सांगावे! तीतसाने पहिली मूठ माती टाकली मात्र, लग्नाची घंटा दणदणू लागली. पंच किल्ली घेऊन मनोऱ्याकडे पळाले. कुलूप जसेच्या तसे. उघडून पाहतात तो दोर निश्चल लोंबतो आहे आणि वर घंटा झुलते आहे!

ते तसेच धापा टाकीत कबरस्तानात शिरले व महाराजांपुढे उभे राहिले. "माझ्या सुमंतासाठी मी मौतीचे टोले देवविले, महाराज. ही घंटा त्याला कधी ऐकू येणार?"

महाराज म्हणाले, "तो वर्षभर हीच ऐकतो आहे. कान तुम्ही झाकले होते."

पंच महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवून तीतसाकडे वळविले. तेव्हा त्या मानी मस्तकाने घंटा वाजविणाऱ्याच्या धुळीने भरलेल्या पायांस स्पर्श केला. "दादा, चुकलो," ते म्हणाले. "माझ्या लेकरासाठीही वाजवाल का?"

"चला की," तीतस म्हणाला, "दोर बापानं ओढावा, मी नुसता हात लावतो."

त्या दिवशी दोघा म्हाताऱ्यांनी इतका वेळ घंटा वाजविली की, शेजारच्या वस्तीवरील माणसे लग्न कोणाचे म्हणून विचारीत आली. त्यांना गूळपाणी देण्यात आले.

माझ्या अल्प शिक्षणाचे दोष पोटात घालून आपण हे वाचलेत, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शद्रख मार्तंड वाघचौरे