भुईवर वाढलेला भात

"आता आणखी काय बघायचं उरलंय, बुवा?"

परशराम घोलपाने हे तिसऱ्यांदा विचारलं. नरसूबुवा नुसते चालत होते.

शहराचा जुना कचरा डेपो तो. तीस वर्षं सगळ्यांची घाण इथे येऊन पडली आणि पावसाळ्यात तिचं काळं पाणी खालच्या वस्तीच्या विहिरींत उतरलं. ही जागा साफ करायचं काम परशरामने अंगावर घेतलं. तीन वर्षं ढीग उकरले, चाळले, माती तपासायला पाठवली. छाती फुगवून फिरावं असंच काम होतं, आणि तोही तसाच फिरत होता. बुवांच्या मठात राहून शिकलेला हा गडी आता बुवांनाच माती समजावून सांगत होता.

वस्तीतल्या बायकांना इथे भाजीचे वाफे मिळायचे होते, पण त्या अडून बसल्या होत्या. तुमचे कागद आम्हाला कळत नाहीत, बुवा हो म्हणाले तरच बी टाकू, असं त्यांनी परशरामच्या तोंडावर सांगितलं होतं.

"तुम्ही एक शब्द बोला, बुवा. उद्या मेथी पडेल."

"सगळी जमीन साफ आहे?"

"सगळी. देवघरासारखी."

बुवांनी मान डोलावली. चालत चालत ते उत्तरेच्या कोपऱ्यात गेले. तिथल्या लाल मातीवर गवत छान तरारलं होतं. दुपार झालीच होती, जागा बरी दिसली, म्हणून बसले.

चातुर्मास चालू होता. चार महिने ताट नाही, पान नाही, भुईवरच वाढून घ्यायचं, हे बुवांचं दरवर्षीचं व्रत. त्यांनी गवत बाजूला सारलं, वीतभर जागा हाताने सारखी केली, पाणी शिंपडलं आणि डब्यातला दहीभात त्या मातीवर वाढून घेतला.

परशराम एक पाऊल पुढे आला.

या कोपऱ्यात पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. शिसं खोल मुरलेलं. बाकी सगळं त्याने उकरलं, हा तुकडा मात्र पावसाच्या तोंडावर घाईघाईने माती टाकून झाकला. इथली माती तपासायलाही पाठवली नाही. वर दोन फूट चांगली माती आहे, काही होत नाही, असं त्याने मजुरांना सांगितलं होतं आणि स्वतःला तर तो रोज सांगत होता.

बुवांनी घास उचलला.

"बुवा, थांबा..."

घास हातातच राहिला.

"इथं नको," परशराम म्हणाला. त्याला फार लाज वाटत होती. "खाली शिसं आहे. मी उकरलं नाही... नुसतं झाकलं."

"बायका इथं मेथी लावणार होत्या."

"हो."

"उकरायला किती दिवस?"

"दोन महिने. पण उकरीन, बुवा. तळापर्यंत उकरीन."

बुवांनी सगळा भात मातीसकट उपरण्यात गोळा केला, पाखरांनी खाऊ नये म्हणून. मग उपाशीच उठले आणि वस्तीच्या वाटेला लागले. परशराम मागोमाग निघाला.

"बायकांना काय सांगू, बुवा?"

बुवा थांबले.

"दोन महिने थांबा म्हणावं. बाकीचं मीच सांगतो, की यापुढे जमिनीचं मला विचारू नका, परशरामला विचारा."