शेवटची बरणी

एकदा एका गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. विद्या उदंड, पण घर चिमुकले. म्हणून शेजारच्या व्यापाऱ्याने कोठारातल्या आपल्या लांब फळीचा थोडा भाग त्यांना दिला होता आणि मधल्या भिंतीत हात जाईल एवढा झरोका पाडला होता. झरोक्यापासूनच्या काही बरण्या वैद्यांच्या, पुढच्या व्यापाऱ्याच्या. सगळ्या एकाच घाटाच्या. व्यापाऱ्याचा माल वाढला की वैद्यांची जागा आक्रसे. म्हणून तो रोज सकाळी हाक देई, "वैद्यबुवा, आज सात तुमच्या!" मग वैद्य आपली औषधे लावून घेत. मुलांच्या पोटदुखीचे चूर्ण नेहमी शेवटच्या बरणीत.

वैद्यांचा शिष्य गुणी, पण गुडघ्याला बाशिंग बांधूनच जन्मलेला. तरी त्यांचा त्याच्यावर भारी जीव. एके दुपारी तो धापा टाकत आला. त्याची धाकटी लेक सकाळपासून पोटदुखीने कळवळत होती. आल्या आल्या त्याने झरोक्यात हात घातला, कालच्यासारख्या सात बरण्या चाचपल्या आणि सातवीतले चूर्ण पुडीत बांधले. तो वळतो तोच वैद्यांनी पुडी काढून घेतली आणि न उघडताच चुलीच्या राखेत टाकली.

"गुरुजी, माझं लेकरू तिकडे तळमळतंय हो!" शिष्य ओरडला.

"ठाऊक आहे रे राजा. आज आपल्या पाचच आहेत."

वैद्यांनी स्वतः पाचव्या बरणीतले चूर्ण काढले आणि म्हाताऱ्या पायांनी त्याच्या घरापर्यंत धाव घेतली. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी औषध चाटवले. हळूहळू तिचा डोळा लागला.

तेव्हा शिष्याने विचारले, "त्या पुडीत काय होतं, गुरुजी?"

"मला काय ठाऊक? सुंठ असेल, नाहीतर उंदरांचं विष. बाळा, आपल्या बरण्या संपतात तिथं भिंत नाही, फळी तशीच पुढे जाते. हात रिकामा परत आला असता तर तू थबकला असतास. पण तिथंही हाताला काहीतरी लागतंच, आणि माणूस ते आपलं समजून घेऊन येतो. म्हणून आधी विचारावं, आज आपल्या किती? मग हात घालावा."

"आणि नुसती सुंठच निघाली असती तर?"

"तर मला अधिक भीती वाटली असती," पोरीच्या जावळावरून हात फिरवत वैद्य म्हणाले. "पोर बचावली असती, आणि तिच्याबरोबर तुझी न विचारण्याची सवयही बचावली असती."

निजलेल्या लेकीकडे पाहत शिष्याने गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले.