पाहुण्याला गवत कसं घालायचं?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं, आणि घाट चढणाऱ्या प्रत्येक वाटसरूला तिथे एक मुक्काम करावाच लागे. मुक्काम म्हटला की जेवण आलं, आणि जेवणासाठी ते गाव पंचक्रोशीत नावाजलेलं होतं.

त्या गावात आग्रह हाच धर्म होता. पाहुणा नको नको म्हणत पानावर हात आडवा धरी, आणि वाढणारी बाई त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडी. पाहुण्याला नुसती भाकरी-आमटी वाढली तर घराला बोल लागे. पुरण, शिरा, खीर, लाडू, यांतलं काहीतरी पानात हवंच. पुढे घाटात त्या पाहुण्याच्या पोटाचं काय होई, ते बघायला मात्र गावातलं कुणी जात नसे.

या सगळ्यांत पुढे होती भिवराकाकी. मुलगा राजाच्या फौजेत दूर देशी गेलेला, घरात ती आणि सून, गोठ्यात एक गाय. काकीच्या हाताला चव होती आणि मनात माया होती. माझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगे, आणि ते खरंच होतं. फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय तिला नव्हती. हातात सतत पळी असणाऱ्या माणसाला ती लागतही नाही म्हणा.

एका वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, बंदराकडून एक वाटसरू आला. त्याच्याजवळ वेताची पाटी होती, पाटीत सुकं गवत होतं आणि गवतात एक प्राणी बसला होता. उंदरापेक्षा बराच मोठा, सशापेक्षा लहान. अंगावर पांढरे-तांबूस ठिपके, आणि शेपटीचा पत्ताच नाही. समुद्रापलीकडून आलेल्या गलबतावर कुणीतरी तो त्याला दिला होता. गावात तसला प्राणी कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याला नावही नव्हतं. गुटगुटीत होता, तेव्हा काकीने त्याचं नाव गबदू ठेवून टाकलं.

वाटसरूचा भाऊ घाटमाथ्यावर आजारी होता. वरची थंडी या जिवाला सोसायची नाही, तेव्हा होळीपर्यंत याला सांभाळाल का, असं त्याने विचारलं. काकीने पाटी त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतली.

"काकी, याला खायला फक्त..." वाटसरू सांगू लागला.

"खाण्याचं मला नका सांगू," काकी म्हणाली. "तुम्ही निर्धास्त जा. पोटच्या लेकरासारखा वाढवीन."

त्याने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा काकीने त्यात लाडू घातला. तोंडात लाडू असताना माणसाला बोलता येत नाही. तो हात जोडून घाटाच्या वाटेला लागला.

काकीने तागडी काढली. एका पारड्यात गबदू बसवला, दुसऱ्यात नारळ ठेवला. दोन्ही पारडी बरोबरीला आली. होळीला याचा धनी परत येईल तेव्हा हा नारळाला कसा भारी झालाय ते त्याला दाखवायचं, असं तिने ठरवलं आणि तो नारळ शिंक्यात जपून ठेवला. मग पाटीतलं गवत गोठ्यात फेकलं. पाहुण्याला काय गवतावर निजवायचं? तिने आपल्या मऊ लुगड्याची घडी करून पाटीत अंथरली.

त्या दिवसापासून गबदूची चंगळ सुरू झाली. सकाळी दूधभात, दुपारी केशर घातलेला शिरा, तिन्हीसांजेला खिरीची वाटी. तो थोडं हुंगे, थोडं चाटे. पण तिन्हीसांजेला एक गंमत होई. काकी खिरीची वाटी घेऊन ओसरीवर आली की गबदू मागच्या पायांवर उभा राही आणि लांबलचक शीळ घाली. नेमक्या त्याच वेळी सून डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंगणातून गोठ्याकडे जाई, पण तिच्याकडे कोण बघतंय? काकीला वाटे, हा मला हाक मारतोय. मुलगा गेल्यापासून त्या घरात काकीला असं आतुरतेने कुणी हाक मारली नव्हती. ती शीळ ऐकली की तिच्या डोळ्यांत पाणी येई, आणि खिरीत आणखी एक चमचा साखर पडे.

थंडी पडली आणि गबदू अंगाने उतरू लागला. तो पाटीचा वेत कुरतडायचा, म्हणून काकीने त्याला लुगड्यासकट गुळगुळीत पितळी घंगाळात ठेवलं. तागडीत नारळाचं पारडं खाली जाऊ लागलं. दुसऱ्याची ठेव आणि आपल्या घरात वाळत चाललेली! सगळं गाव मदतीला धावलं. कुणी बदाम उगाळून आणले, कुणी साय आणली. वैद्यबुवांनी साजूक तुपातलं चाटण दिलं, आणि जाताना काकीच्या हातचे दोन लाडू खाऊन गेले. गबदूच्या पुढ्यातल्या वाट्या वाढत गेल्या आणि गबदू घटत गेला. पुढे तर त्याच्या पायांचे सांधे सुजले, आणि त्याला उचललं की तो दुखून चिरके.

सुनेने एकदाच तोंड उघडलं. "आत्याबाई, जरासं गवत टाकून बघू का? भारा दिसला की मान वर करतो तो."

"पाहुण्याला गवत कसं घालायचं?" काकी म्हणाली. "उद्या त्याचा धनी विचारेल, माझ्या जिवाला गुरासारखं वाढवलंत का, तर काय सांगू?" सून गोठ्याकडे वळली. सासूपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायची त्या काळी रीत नव्हती.

एक दिवस शेजारच्या गावी लग्न होतं, म्हणून सुनेने गवत दुपारीच कापून आणलं. काकी आत सुपारी कातरत बसली होती. खिरीची वेळ नव्हती, वाटी चुलीपाशी पालथी होती, आणि बाहेर शीळ वाजली. बारीक, तुटक, पण तीच शीळ. काकी धावत ओसरीवर आली. गबदूचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. घंगाळाच्या काठावर हनुवटी टेकून तो अंगणातून जाणाऱ्या भाऱ्याकडे बघत होता.

काकी तिथेच खाली बसली. इतके दिवस रोज तिन्हीसांजेला तो तिला नव्हे, गवताला हाक मारत होता, आणि ती दर वेळी त्या भाऱ्याच्या आड खिरीची वाटी धरून उभी राहिली होती.

तिने स्वतः उठून मूठभर गवत त्याच्यापुढे ठेवलं. गबदू त्यावर तुटून पडला. पण पातं तोंडात जाई आणि तसंच बाहेर घसरे. काकीने त्याला मांडीवर घेऊन तोंड उघडून पाहिलं. त्याचे दात वाढून वेडेवाकडे आत वळले होते. गवत चावून जे दात झिजायचे, ते शिऱ्यावर कसे झिजणार? ज्याच्यासाठी तो एवढे दिवस तळमळला, ते समोर होतं आणि त्याला खाता येत नव्हतं. काकी त्याला पोटाशी धरून रडली, अगदी मोठ्याने रडली.

मग तिने पदर खोचला. गवत पाट्यावर बारीक वाटलं आणि बोटाने त्याला चाटवलं. कोथिंबीर वाटून पाहिली, आवळ्याचा रस पाहिला, मुळ्याचा पाला पाहिला. आता एक एक गोष्ट पुढे करून ती थांबे आणि तो काय करतो ते बघे. ज्याच्याकडे तो तोंड वळवी तेच देई. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी विचारत होती. गबदूही बोट चाटू लागला. नारळाचं पारडं किंचित वर आलं, तेव्हा काकीने देवापुढे दिवा लावला. सुनेला तिने जवळ घेतलं आणि म्हणाली, तू सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं गं.

पण उशीर तो उशीरच. थंडी ओसरताना, एका सकाळी, काकी वाटलेलं गवत घेऊन आली आणि गबदूने तोंड वळवलं नाही. लुगड्याच्या घडीवर तो शांत पडला होता. गोठ्यामागे जिथे गवत दाट उगवतं तिथे काकीने त्याला पुरलं. शिंक्यातला नारळ तिने पुढे कधीच फोडला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी वाटसरू घाट उतरून आला. दारात येताच त्याने गबदूसारखीच लांब शीळ घातली आणि तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. त्याच्या मुठीत वाटेवरून खुडलेलं कोवळं हिरवं गवत होतं. ते पाहून काकी ओसरीवर बसली. तिने काही लपवलं नाही. दूधभातापासून घंगाळापर्यंत सगळं सांगितलं आणि त्याच्या पायांकडे बघत बसली.

वाटसरूने मुठीतलं गवत हळूच ओसरीच्या काठावर ठेवलं.

"काकी, त्या दिवशी मला तेवढंच सांगायचं होतं," तो म्हणाला. "याला खायला फक्त गवत लागतं."

तो रागावला असता तर काकीला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. ती उठली, चुलीपाशी गेली आणि सवयीने लाडवांच्या डब्याला हात घातला. डबा तसाच ठेवून ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

"तुम्हाला काय लागतं?" तिने विचारलं.

वाटसरूने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. त्या गावात हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो संकोचत म्हणाला, की गोड मला सोसत नाही. मागच्या खेपेला तुमचं मन मोडू नये म्हणून खाल्लं आणि घाटात तीन ठिकाणी आडवा पडलो. मीठ घातलेली भाताची पेज मिळाली तर बरं होईल. काकीने पेज केली. त्याने ती पोटभर प्यायली, आणि काकीने एकदाही आग्रह केला नाही.

त्यानंतर त्या गावाची रीत बदलली. पान मांडण्याआधी घरची बाई पाहुण्यासमोर घटकाभर बसे, काय लागतं ते विचारी आणि उत्तर पुरतं ऐकून मगच चुलीकडे वळे. तिन्हीसांजेला गवताचा भारा अंगणातून गेला की भिवराकाकी मात्र हातातलं काम टाकून कान देई. शीळ काही पुन्हा ऐकू आली नाही.

तात्पर्य: न विचारता वाढलेली माया अंगी लागत नाही.