चिंगीची गादी जळली

बांधाकडच्या बिळात चिंगी उंदरीण राहायची. बिळात तिची पिल्लं. गुलाबी, इवली इवली.

चिंगीने गवताची गादी केली. बिळाच्या तोंडाशी वाळत घातली.

हौसाकाकूने चुलीतली राख बांधावर टाकली. वारा आला. फूऽऽ! राखेतून ठिणगी उडाली. गादीवर पडली.

भक्‌!

गादी जळाली. चिंगीची मिशी जळाली. बिळात धूर शिरला.

"ठिणगी ठिणगी, विझ ना!"

"मी नाही विझत. वाळकं गवत मला खाऊ देतं. वारा मला फुंकर घालतो. गवत भिजलं, तर विझेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी गवताकडे गेली.

"ठिणगी विझेना,
बिळात माझी पिल्लं!
गवता गवता, भिज ना!"

"मी नाही भिजत. पाणी धावलं, तर भिजेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी हौदाकडे गेली.

"गवत भिजेना,
ठिणगी विझेना,
बिळात माझी पिल्लं!
पाण्या पाण्या, धाव ना!"

"मी नाही धावत. बादली हलली, तर धावेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी बादलीकडे गेली.

"पाणी धावेना,
गवत भिजेना,
ठिणगी विझेना,
बिळात माझी पिल्लं!
बादली बादली, हल ना!"

"मी नाही हलत. काकूने उचललं, तर हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिंगी काकूकडे गेली. पाय भाजलेले. डोळ्यांत पाणी.

"बादली हलेना,
पाणी धावेना,
गवत भिजेना,
ठिणगी विझेना,
बिळात माझी पिल्लं!
काकू काकू, ऊठ ना!"

"मी नाही उठत. तव्यावर भाकरी आहे. आणि ठिणगी कुठली? राख तर गार होती."

"वरून गार, काकू! आतून लाल!"

काकूने चिंगीची मिशी पाहिली. बांधाकडे पाहिलं. धूरच धूर.

"अगं बाई गं!"

काकू उठली. बादली हलली. खण्‌ खण्‌! पाणी धावलं. धो धो! गवत भिजलं. चिंब चिंब! ठिणगी विझली. चर्रर्र... फुस्स.

सगळं गप्प. सगळं काळं.

"पिल्लांनो!" चिंगीने हाक मारली.

कुणी बोलेना.

"पिल्लांनो!"

"चूं."

"चूं चूं."

धाकटं मात्र बोलेना. चिंगीने त्याला उचललं. मोकळ्या हवेत आणलं. चाटलं. पुन्हा चाटलं.

"...चूं."

काकू खाली बसली. "माझ्याच राखेने झालं गं, चिंगे. आता राख पाण्याने विझवीन. मगच टाकीन."

काकूने जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. मऊ मऊ. बिळाशी ठेवला.

चिंगीने तो आत ओढला. पिल्लं पोटाशी घेतली. तिचे पाय दुखत होते. पिल्लं दूध पीत होती.

चुटू चुटू, चुटू चुटू.