कमान पेठेतले एकोणीस गोठे

दाऊद पिंजाऱ्याने आपली जागा मशिदीला दिली, आणि आजवर एकमेकांचं तोंड न पाहणारे एकोणीस शेजारी एका दिवसात सख्खे भाऊ झाले.

जागा कमान पेठेच्या मधोमध होती. दाऊदचा बाप तिथे कापूस पिंजायचा. पिंजाऱ्यांची चार घरं मात्र पेठेच्या पार टोकाला, वेशीला लागून. त्यांची मशीद नदीपलीकडे तीन कोसांवर. पावसाळ्यात नदी फुगली की वाट बंद. तीन वर्षं दाऊदची ईद घरातच गेली होती, आणि आता तर त्याच्या गुडघ्यांनी कोरड्या दिवसांतही ती वाट सोडली होती. डोळे मिटायच्या आत एकदा आपल्या पेठेत, आपल्या माणसांच्या रांगेत उभं राहावं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

एकोणीस शेजारी आपल्यातल्याच हरबाशेटना पुढे करून दरबारात गेले.

"महाराज, आमचा मशिदीला विरोध नाही," हरबाशेट म्हणाले. विरोध करायला आलेला माणूस हे वाक्य आधी उरकून घेतो. "पण ही वस्तीची जागा. पहाटे बांग होणार, लोकांची झोपमोड होणार."

"गर्दी होणार," दुसरा म्हणाला. चार घरांची गर्दी!

"घाण होणार," तिसरा म्हणाला. याच्या घरच्या जेवणावळींच्या उष्ट्या पत्रावळी वर्षानुवर्षं दाऊदच्या त्याच जागेत पडत होत्या.

राजे भैरोजीराव मनाचे भले, पण हट्टी. एकदा तोंडातून गेलेला शब्द चुकीचा होता हे कळलं तरी मागे घेत नसत, आणि त्यालाच न्याय म्हणत. हरबाशेटना ही खोड पाठ होती. ते नम्रपणे म्हणाले, "महाराज, त्या जागेपासून शंभर पावलांत एकही राहतं घर नसेल, तर त्यांनी खुशाल बांधावं."

"ठरलं," राजे म्हणाले. "आठ दिवसांनी मी येतो. दाऊदनं तसं दाखवून द्यावं. नाही जमलं तर जागा पेठेची."

पेठेची म्हणजे हरबाशेटची घोडागाडी उभी करायची, हे राजांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

दाऊद घरी येऊन भिंतीला टेकून बसला. भरवस्तीत शंभर पावलांत घर नाही म्हणून कसं दाखवायचं? त्याची मुलगी जैतून दारोदार जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, ही अट शेटजींनीच घातली ना? त्यांच्याच तोंडानं?"

"त्यांच्याच."

"मग जेवायला बसा," ती म्हणाली.

आठव्या दिवशी राजे घोड्यावरून आले. एकोणीस शेजारी नवी उपरणी घालून आपापल्या दारात उभे होते. जैतून पुढे झाली.

"सरकार, शंभर पावलांत एकही राहतं घर नाही."

राजांनी समोर पाहिलं. हरबाशेटची दुमजली इमारत, सज्जा, नक्षीचे खांब. "पोरी, तुला दिसत नाही, की मला आंधळा समजतेस?"

"मला दिसतं ते खोटं असेल, सरकार. पण तुमच्या जमादारांनी लिहिलेलं कसं खोटं असेल? तळ्याच्या गाळाची वही त्यांच्याकडेच आहे."

जमादाराला घाम फुटला. दर होळीनंतर राजांचं तळं आटलं की दर राहत्या घरटी एक माणूस आठ दिवस गाळ उपसायला जाई. गोठ्यांना माफी होती. जमादार दारोदार फिरे आणि घरधनी बेलभंडार उचलून शपथेवर सांगे, घर की गोठा.

"वाच," राजे म्हणाले.

"हरबाशेट, गोठा," जमादाराने सुरुवात केली. "शेजारी, गोठा. त्या शेजारी..." आवाज खाली खाली गेला. "एकोणीसही गोठेच, सरकार. तीन वर्षं तेच."

"मग या पेठेतून गाळ काढला कुणी?"

"वेशीजवळच्या चार पिंजाऱ्यांनी."

राजांचा चेहरा लाल झाला. संस्थानात खोट्या बेलभंडाराला एकच शिक्षा होती: अर्धं डोकं भादरून गाढवावरून धिंड. राजे हरबाशेटकडे वळले. "बोला शेट. हे तुमचं घर, की गोठा?"

हरबाशेटचा हात आपोआप पगडीकडे गेला. मागच्या खिडकीत त्यांची बायको तोंडाला पदर लावून उभी होती, आणि ती रडत नव्हती.

"गोठाच, महाराज," हरबाशेट म्हणाले.

"तुमचं?"

"गोठा."

"आणि तुमचं?"

अशी एकोणीस भल्या माणसांनी, नवी उपरणी सावरत, आपण गोठ्यात राहतो म्हणून कबुली दिली. सगळ्या पेठेला ती ऐकू गेली.

"मग मशीद होईल," राजे म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. पायाचे दगड माझ्या किल्ल्यावरून येतील."

दाऊदने भिंतीला हात टेकला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

हरबाशेटना अजूनही राहवेना. "पण महाराज, ती पहाटेची झोपमोड..."

"कुणाची हो, शेटजी?" जैतूनने विचारलं. "काल तुमच्याकडे अकरा गाद्या पिंजून दिल्या. मला वाटलं, म्हशींचे फार लाड आहेत."

राजे असे हसले, की घोडा बिचकून दोन पावलं मागे सरला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पोरी, तुला काय देऊ?"

"सरकार, माणसांना गाळ काढावा लागतो आणि गोठ्यांना माफी, हे रास्तच आहे. पण जनावरांना माफी आहे असं कुठं लिहिलेलं नाही. यंदा गाळ वाहायला दर गोठ्यामागे एक जनावर द्या. शेपूट नसलं तरी चालेल."

राजांना आता हसू आवरेना. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी जैतूनला दिलं आणि जमादाराला म्हणाले, "लिही. पहिलं जनावर, हरबाशेट."